मदत हवी आहे: स्टोरेज हीटर, रात्रीचा स्वस्त दर आहे तरी बिल आवरत नाहीये

गारठलेला
नमस्कार मंडळी. घरात स्टोरेज हीटर आहेत, रात्रीचा स्वस्त दर घेतलेला आहे, तरी बिल कमी व्हायचं नाव नाही. मागच्या महिन्यात २८० पौंड! दोघं आणि एक वर्षाचं बाळ, एवढाच आमचा संसार, वॉशिंग मशीनसुद्धा रात्रीच लावतो. हीटर बंद करावेत तर बाळाला लगेच सर्दी. कंपनीला फोन केला तर वापर कमी करा म्हणतात, अहो पण कुठला वापर? नॉब नक्की कुठे ठेवायचे एवढंच कोणीतरी सांगा. जरा लवकर सांगा प्लीज.

सदाशिवपेठी
स्टोरेज म्हणजे गिझरच ना? त्यात क्षार साचले की कॉइल जास्त वीज खाते, प्लंबरला बोलावून टाकी साफ करून घ्या. आमचं बिल लगेच उतरलं होतं. नाहीतर सरळ सोलर बसवा.

लीड्सकर
गिझर नाही हो, ते पौंडात बिल भरतायत. इकडे ब्रिटनमध्ये गॅस नसलेल्या फ्लॅटमध्ये भिंतीला जाड हीटर असतात, आत विटा, त्या रात्री स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर उष्णता सोडतात.
@गारठलेला, गाव कुठलं, घर भाड्याचं का स्वतःचं, हीटर किती, मीटर कुठलं, आणि बिलावर दिवस-रात्रीची युनिटं वेगवेगळी दिसतात का? हे कळल्याशिवाय नॉबचं सांगून काही उपयोग नाही.

बेलापूरची_लेक
मी तर स्टोरेज हीटर बंदच करून टाकले बाई. चाकांचा ऑइल रेडिएटर आणला, ज्या खोलीत बसू तिथे न्यायचा. अजिबात वीज खात नाही. बाळासाठी पण चांगला.

हिशेबनीस
ताई, विजेवरच्या कॉइलचा कुठलाही हीटर असो, एका युनिटची उष्णता एका युनिटएवढीच मिळते, मग आत तेल असो, वीट असो नाहीतर पंखा. फरक पडतो तो युनिट कितीला पडलं याने. रात्रीचं साधारण १५ पेन्स आणि दिवसाचं ३० धरलं तर तुमचा रेडिएटर संध्याकाळी दुप्पट भावाने उष्णता देतोय.

बेलापूरची_लेक
पण माझं बिल कमी आलं ना! हिशेब कागदावर ठीक आहे.

हिशेबनीस
एकच खोली गरम करता म्हणून कमी आलं असणार. त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, रांगायला लागलं की सगळ्या घरात फिरणार.

गारठलेला
सॉरी, बाळ झोपल्यावर लिहितोय. ग्लासगो, भाड्याचा फ्लॅट, सप्टेंबरमध्ये राहायला आलो. हॉलमध्ये मोठा हीटर, बेडरूममध्ये लहान. स्मार्ट मीटर आहे, रीडिंग आपोआप जातं त्यामुळे कधी बघितलं नाही. प्रत्येक हीटरला इनपुट आणि आउटपुट असे दोन नॉब, सगळे ६ वर आहेत. गरम मस्त होतं हो, रात्री नऊ-दहाला पण हात लावला तर चांगला तापलेला असतो. प्रश्न फक्त बिलाचा आहे.

लीड्सकर
दोन्ही नॉब फुल म्हणजे पैसे वाहून चाललेत. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे साठवलेलं किती वेगाने सोडायचं. झोपताना आउटपुट १ वर आणा, नाहीतर इकडे विटा तापतायत आणि तिकडे झडपेतून उष्णता पहाटेच निघून जातेय. सकाळी बेताने उघडा, संध्याकाळी घरी असाल तेव्हा जास्त. इनपुट हवामान बघून, उद्या बर्फ असेल तर ५-६, नाहीतर ३ वर भागतं. आणि गरम पाण्याच्या टाकीला बूस्टचं, म्हणजे पाणी लगेच तापवायचं, बटण असेल तर ते दिवसा चुकूनसुद्धा लावू नका.

नवा_उजेड
या जुनाट खोक्यांवर डोकं कशाला शिणवायचं? हीट पंप बसवा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिटला तीन युनिटांची उष्णता मिळते. मी घेतला, जन्माचं काम झालं.

हिशेबनीस
भाड्याच्या फ्लॅटला बाहेरचं युनिट कोण लावू देणार? घरमालक साधा बल्ब बदलत नाहीत.

नवा_उजेड
विचारायला काय जातं? विचारलंच नाही तर कधीच होणार नाही.

सदाशिवपेठी
अवांतर, पण आता महावितरणचेही टीओडी, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारे, मीटर आलेत. आपल्याकडे उलटं, सकाळी ९ ते ५ सवलत, सौरऊर्जा जास्त असते म्हणून. ते मीटर बदलून घ्यावं का, कोणाचा अनुभव?

लीड्सकर
काका, त्याचा वेगळा धागा काढा ना, तिथे बरेच जण सांगतील.

अ‍ॅबरडीनवासी
थांबा, नॉबच्या आधी एक गोष्ट बघा. जुन्या पद्धतीचा हीटर, आउटपुट ६ वर, आणि रात्री दहाला चांगला तापलेला? हे होऊच शकत नाही. रात्री साठवलेलं एवढ्या उघड्या झडपेने दुपारी चार-पाचलाच संपायला पाहिजे. तो दिवसासुद्धा चार्ज होतोय.
आमच्या इथे हेच झालं होतं. पूर्वी स्कॉटलंडमध्ये पुष्कळ घरांत रेडिओ टेलिस्विच असायचा, बीबीसीच्या रेडिओ ४ च्या लाँगवेव्हवर, १९८ किलोहर्ट्झला, जो सिग्नल यायचा त्यावर हीटर चालू-बंद व्हायचे. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, त्याआधी-नंतर घाईघाईने मीटर बदलले. त्यात कुठे कुठे हीटरची लाइन २४ तासांच्या सप्लायवर जोडली गेली. घर गरम राहतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.
उद्या सकाळी अकराच्या सुमाराला घरातलं सगळं बंद करा, फ्रीज राहू दे, आणि मीटरबरोबर मिळालेल्या छोट्या डिस्प्लेवर किती किलोवॅट दिसतात बघा. मग भिंतीवरची हीटरची बटणं बंद करून परत बघा. डिस्प्ले नसेल तर मीटरवरच दिवसाचा आकडा पळतोय का ते बघा.

गारठलेला
आत्ताच बघितलं. सगळं बंद असताना ४.३ दाखवत होतं! हॉलच्या हीटरचं बटण बंद केलं तर १.८, बेडरूमचं केल्यावर ०.१. आणि बिल पण काढून बघितलं, दिवसाची युनिटं रात्रीपेक्षा जास्त आहेत. म्हणजे एवढे दिवस दिवसाच्या भावाने हीटर चालले?? आता करू काय?

हिशेबनीस
आकडे तंतोतंत जुळतात, २.५५ आणि १.७ किलोवॅटचे हीटर आहेत तुमचे. दोन्ही मिळून सात तासांची पूर्ण भरणी साधारण ३० युनिटं, रात्री साडेचार पौंड. तीच दिवसा नऊ पौंड.

अ‍ॅबरडीनवासी
आजपासून सकाळी साडेसातला भिंतीवरची बटणं बंद, रात्री साडेबारानंतर चालू. तुमच्या स्वस्त तासांची वेळ कंपनीकडून पक्की करून घ्या, सगळीकडे सारखी नसते. मीटरच्या पेटीला स्वतः हात लावू नका, घरात बाळ आहे. कंपनीला फोन नको, ईमेल करा आणि "तक्रार" असा शब्द घालूनच लिहा, डिस्प्लेचे फोटो जोडा, मीटर बदलल्याची तारीख मागा आणि तेव्हापासूनचा फरक परत मागा. दाद दिली नाही तर पुढे एनर्जी ओम्बड्समन आहे, म्हणजे वीज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था, त्याला पैसे लागत नाहीत. घरमालकाच्या एजंटलाही त्याच ईमेलमध्ये ठेवा, वायरिंग त्यांच्या बाजूचं निघालं तर खर्च त्यांचा.

बेलापूरची_लेक
मी पण उद्या अकरा वाजता बघते गं बाई, आमचंही मीटर मागच्याच वर्षी बदललंय.

गारठलेला
ईमेल पाठवला, फोटोसकट. मनापासून आभार, बायको तर तुम्हाला जेवायला बोलवा म्हणतेय. आता रात्री साडेबाराला उठून बटण लावायच्या ऐवजी टायमर लावता येईल का? प्लगचा चालेल?

अ‍ॅबरडीनवासी
प्लगचा अजिबात नको! २.५५ किलोवॅट सात तास सलग, तो टायमर वितळेल. इलेक्ट्रिशियनकडून भिंतीतला बसवा, नाहीतर दुरुस्ती होईपर्यंत बाळाच्या रात्रीच्या दुधाच्या वेळी बटण दाबा.