सीआयडीच्या पडद्यामागचे किस्से पाहिजेत, मंडळाच्या क्विझसाठी

चाळीसगावकर
राम राम मंडळी. गणपतीत आमच्या मंडळाची क्विझ आहे आणि त्यात एक अख्खा राउंड सीआयडीचा ठेवलाय. "दया, दरवाजा तोड दो" आणि "कुछ तो गडबड है" तर शेंबडं पोरगंही सांगेल, मला पडद्यामागचं पाहिजे, कलाकारांच्या गोष्टी, सिरीयलवाल्यांच्या आपसातल्या गमती असं. आणि ते एका शॉटमधल्या एपिसोडचं खरं आहे का? आमच्याकडे अर्धे लोक अफवा म्हणून राहिलेत. पक्कं असेल तेच सांगा, समोर बसणारे १९९८ पासूनचे बघणारे आहेत, स्टेजवरच पकडतील.

तापीकाठ
अफवा नाही भो, शंभर टक्के खरं. २००४ चा एपिसोड, १११ मिनिटं, मधे एकही कट नाही, लोणावळ्याला शूट केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आता विचार कर, एरवी डायलॉग चुकला की रिटेक घेता येतो, इथं शंभराव्या मिनिटाला कोणी अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि कॅमेरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत तिकडचा माणूस जागेवर तयार पाहिजे, लाइट कुठे दिसायला नको, माइक दिसायला नको. आजही कोणी सीआयडीला टाइमपास सिरीयल म्हटलं की मी हाच एपिसोड पुढे करतो.

भुसावळ जंक्शन
शिवाजी साटम बँकेत नोकरीला होते, बँकांच्या नाट्यस्पर्धांतून पुढे आले. माझी सगळी नोकरी बँकेत गेली म्हणून मला त्यांचं फार कौतुक. आणि एसीपी प्रद्युम्न काही हवेतून आले नाहीत, त्याआधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' होती, तीही सीआयडी बनवणाऱ्या बी. पी. सिंगांचीच आणि त्यातही साटम होते. आमच्या पिढीला विचार, लगेच सांगतील. तरुण पोरांसाठी मात्र हा प्रश्न अवघड जाईल.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
दयाचं घे की. दयानंद शेट्टी मुळात थाळीफेक, गोळाफेकवाला खेळाडू, पायाच्या दुखापतीमुळे अभिनयाकडे वळला आणि पुढे लाथ मारून दरवाजे तोडण्यासाठीच फेमस झाला!! पात्राचं नावही त्याच्याच नावावरून दया. विवेकचं पण तसंच, विवेक मश्रू, आता ते बंगळुरूला विद्यापीठात शिकवतात. आणि 'सिंघम रिटर्न्स' (२०१४) मधे दयानंद शेट्टी पुन्हा दया नावाचाच पोलीस आहे आणि अजय देवगण त्याला तोच दरवाजावाला डायलॉग मारतो. आमच्याकडे थेटरात त्या सीनला इतक्या शिट्ट्या पडल्या की पुढचे दोन डायलॉग ऐकूच आले नाहीत.

पाचोऱ्याची ताई
फ्रेडरिक्सला विसरू नका रे. दिनेश फडणीस नुसते विनोदी काम करत नव्हते, काही एपिसोड त्यांनी लिहिलेले पण आहेत. म्हणजे जो माणूस पडद्यावर सगळ्यांची बोलणी खातो तोच कधीकधी सगळ्यांचे डायलॉग लिहायचा. डिसेंबर २०२३ मधे गेले, आणि डिसेंबर २०२४ ला सिरीयल परत सुरू झाली तेव्हा घरात सगळे जमून बघायला बसलो पण मला त्यांच्याशिवाय बघवेना. हा प्रश्न नक्की ठेव, आणि त्यांचं नाव घेताना सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांग.

तापीकाठ
अजून एक, सुरुवातीच्या एपिसोडमधे आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. 'लगान' नंतर आला, २००१ ला. हा शेवटचा प्रश्न ठेव, बरेच जण आडवे होतील.

चाळीसगावकर
जबरदस्त!! गोवारीकरांचं मलाही नव्हतं माहीत. ताई, टाळ्यांचं करतोच. अभिजीत, तारिका आणि डॉ. साळुंखेंच्या लॅबमधल्या टोमण्यांवर पण दोन प्रश्न काढतो, एपिसोडच्या क्लिपा कोणाकडे असतील तर पाठवा, प्रोजेक्टर मिळालाय.