मदत हवी आहे: ४६पी/विर्टानेन धूमकेतूची प्रत (तेजाचा आकडा; लहान तेवढा जास्त तेजस्वी) मला ७ मिळते, इतरांना ४. एवढा फरक का?

डॉब_आठ
हा धूमकेतू १६ डिसेंबर २०१८ ला पृथ्वीपासून ०.०७८ खगोलीय एककांवर येतोय, म्हणून प्रतीचे अंदाज नोंदवायला घेतलेत. साधन ८ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण), नाभीय अंतर १२०० मिमी, आयपीस २५ मिमीचा प्लॉसल. जागा पुण्याच्या उपनगरातली गच्ची. पद्धत सिजविकची: धूमकेतूची चमक लक्षात ठेवायची आणि फोकसबाहेर तेवढ्याच आकाराला पसरवलेल्या ताऱ्याशी ताडायची. तुलनेला मोबाइल अ‍ॅपमधले ६.५ आणि ७.४ प्रतीचे तारे. उत्तर येतं ७.०, आणि कॉब्सवर (धूमकेतू निरीक्षणांचा ऑनलाइन संग्रह) बहुतेक नोंदी ४ ते ४.५ च्या. ठळक तारे घ्यायचे तर वृषभेतले कोणते?

कृत्तिकाप्रेमी
तारे नंतर बघू, आधी डॉब बाजूला ठेवा. ४८ पट वर्धनाला तुमचं क्षेत्र जेमतेम १ अंश, आणि या धूमकेतूचा कोमाही (गाभ्याभोवतीचा धूसर प्रकाशगोल) जवळपास तेवढाच. कोम्याच्या कडेचं मोकळं आकाश दिसतच नाही, मग डोळा बाहेरच्या कोम्यालाच आकाश समजतो आणि फक्त मधला गाभा मोजला जातो.

आकडेमोड करून बघा. ४.२ प्रतीचा प्रकाश १ अंश व्यासाच्या वर्तुळात पसरला तर क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस कला (१ अंश = ६० कला, १ कला = ६० विकला). २.५ × लॉग(२८००) = ८.६. म्हणजे दर चौरस कलेला १२.८ प्रत, आणि दर चौरस विकलेला आणखी ८.९ मिळवून २१.७. उपनगरातलं आकाशच १८.५ ते १९ च्या आसपास असतं. म्हणजे कोम्याची सरासरी चमक आकाशाच्या दहा टक्केही नाही. गच्चीवरून ४ मिळालीच तर मी त्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाही! अंधाऱ्या जागी जा, १०×५० बायनॉक्युलर ट्रायपॉडवर लावा, आणि चंद्र मावळल्यावर बघा. १५ तारखेला शुक्ल पक्षातली अर्धी कोर आहे, मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल.

डॉब_आठ
बायनॉक्युलर आहे. पण तारा पुरेसा पसरत नाही, चकती कोम्यापेक्षा लहानच राहते.

फोकसबाहेर
त्याला साधं गणित आहे. जवळच्या अंतरावर फोकस नेला की ताऱ्याची चकती = भिंगाचा व्यास ÷ फोकसचं अंतर (रेडियनमध्ये). ५० मिमी भिंग ५ मीटरवर फोकस केलं तर ०.०१ रेडियन, म्हणजे ०.५७ अंश. १ अंशासाठी २.९ मीटरपर्यंत फोकस यायला हवा, आणि बऱ्याच १०×५० तिथवर येत नाहीत.

उणे नंबरचा चष्मा असेल तर अंधाऱ्या जागी बायनॉक्युलरही नको. ६ मिमी बाहुली × ३ डायऑप्टर (म्हणजे नंबर −३) = ०.०१८ रेडियन, साधारण १ अंश. चष्मा घालून कोम्याची सरासरी चमक लक्षात ठेवायची, चष्मा काढून ताऱ्याच्या चकतीशी ताडायची. सिजविक पद्धत हीच. नंबर −१.५ असेल तर चकती अर्धीच होईल आणि धूमकेतू उगाच मंद ठरेल. कोम्याचा व्यास आधी मोजा; अल्सायनी ते अ‍ॅटलस हे कृत्तिकांतलं अंतर सुमारे २३ कला आहे, ते पट्टीसारखं वापरा.

रूपविकारी
आता तारे. लॅम्डा टॉरी अजिबात नको: तो पिधानकारी रूपविकारी आहे (जोडीतले तारे एकमेकांना झाकतात म्हणून तेज बदलतं), ३.९५ दिवसांत ३.४ वरून ३.९ पर्यंत उतरून परत येतो. गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन नारिंगी आहेत. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लालसर तारा मंद भासतो, आणि विर्टानेन तर द्विकार्बनच्या पट्ट्यांमुळे हिरवट. न्यू टॉरी (३.९) आणि म्यू टॉरी (४.३) घ्या, दोन्ही पांढरे-निळसर. धूमकेतू न्यूपासून म्यूकडे तीन-चतुर्थांश वाटेवर वाटला तर ३.९ + ०.७५ × ०.४ = ४.२. अंधुक ताऱ्यांसाठी अ‍ॅपपेक्षा टायको-२ हा ताऱ्यांचा कॅटलॉग बरा, पण त्यातली व्हीटी (टायकोच्या स्वतःच्या फिल्टरमधली दृश्य प्रत; बीटी निळ्या फिल्टरमधली) तशीच वापरू नका, नेहमीच्या दृश्य प्रतीत (व्ही) बदला: व्ही = व्हीटी − ०.०९ × (बीटी − व्हीटी).

डॉब_आठ
मायनर प्लॅनेट सेंटरवरच्या कॅमेऱ्याच्या नोंदी तर माझ्याहूनही मंद आहेत. त्या कशा?

कृत्तिकाप्रेमी
त्यांचं मोजमाप स्थान काढण्यासाठी, गाभ्याभोवतीच्या लहानशा छिद्रातून होतं. एकूण प्रतीशी त्यांची तुलना करू नका.

नोंदीत वेळ जागतिक आणि दिवसाच्या दशांशात: १४ तारखेचे भारतीय २२:१८ म्हणजे १४.७०. पद्धत एस (सिजविक), साधन बी (बायनॉक्युलर), भिंग, वर्धन, कोम्याचा व्यास, आणि घनता (प्रकाश मध्याकडे किती एकवटलाय) ० ते ९ मध्ये. याची २-३ भरेल. कॉब्सचे आकडे नोंद पाठवल्यावरच उघडा. ५.३ आली तर ५.३ च लिहा, शेऱ्यात आकाशाची स्थिती टाका.