शरीरातील उपकरणाचे बिनतारी चार्जिंग: पेसमेकरला लागत नाही, मग डीबीएसला का?

मृदुला (प्रश्न):
माझ्या वडिलांना पार्किन्सनसाठी डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा बसवून विद्युत उत्तेजन देण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. छातीत बसणाऱ्या उपकरणाचे दोन पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवले आहेत. एकाची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि तेव्हा लहान शस्त्रक्रिया करून उपकरणच बदलावे लागते. दुसरे त्वचेवरून, कोणतीही तार न जोडता चार्ज करता येते आणि बरेच अधिक काळ टिकते. आईला पेसमेकर आहे, पण तिच्या बाबतीत चार्जिंगचा विषय कधी निघालाच नाही. दोन्ही उपकरणे छातीतच बसत असताना हा फरक का? चार्जिंगच्या वेळी आतून शरीर तापण्याचा धोका असतो का? आणि वडिलांचे हात थरथरत असताना हे रोजच्या जगण्यात कितपत जमते?

वैद्यकीय_उपकरण_अभियंता:
फरकाचे मूळ शक्तीच्या गरजेत आहे. पेसमेकर साधारण सेकंदाला एक स्पंद देतो, आणि हृदय स्वतःहून नीट चालत असेल तर तोही देत नाही; त्याची सरासरी गरज काही दहा मायक्रोवॅट इतकीच असते. डीबीएसमध्ये मात्र सेकंदाला १३० च्या आसपास स्पंद, बहुधा मेंदूच्या दोन्ही बाजूंना आणि अहोरात्र द्यावे लागतात. त्यामुळे एकदाच वापरायची बॅटरी तिथे अनेकदा तीन ते पाच वर्षांत संपते.

गंमत म्हणजे १९५८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवलेला जगातील पहिला संपूर्ण अंतर्गत पेसमेकर बाहेरून चार्ज करण्याच्याच रचनेचा होता. त्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. तो काही तासांतच बंद पडला, तरी चार्जिंगची कल्पना पुढे १९७० च्या दशकापर्यंत टिकली. त्याच दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आली, ती वर्षानुवर्षे पुरू लागली आणि पेसमेकरच्या चार्जिंगची गरजच उरली नाही. माझ्या मते हे योग्यच झाले, कारण पेसमेकरवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या रुग्णाचा जीव एखाद्या विसरलेल्या चार्जिंगवर टांगणे कोणालाच परवडणारे नाही.

आता उष्णतेविषयी. चार्जरमधील कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, उलटसुलट वाहणारा प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि त्यामुळे आतल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. फोनमध्ये दोन कॉइलमधले अंतर काही मिलिमीटरच असते. इथे मध्ये सेंटिमीटरभर त्वचा आणि चरबी असते. शिवाय उपकरणाचे कवच टायटॅनियमचे असल्याने त्या धातूतही प्रवाह फिरू लागतात आणि कवच तापते. म्हणून चार्जरमधल्या प्रवाहाची वारंवारता मुद्दाम कमी ठेवतात, किंवा काही रचनांमध्ये कॉइल कवचाबाहेरच्या प्लास्टिकच्या भागात बसवतात. आंतरराष्ट्रीय मानकांचा सर्वसाधारण दंडक असा आहे की उपकरणाचा बाहेरचा पृष्ठभाग शरीराच्या ३७ अंशांपेक्षा २ अंशांहून अधिक तापू नये. चार्जर मध्येच वेग कमी करतो किंवा थांबतो, तो बहुतेक वेळा तापमान मर्यादेत राहावे म्हणून. त्याला बिघाड समजू नये.

सूनबाई:
माझ्या सासऱ्यांकडे चार्ज होणारे डीबीएस आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. चार्जिंगचा पट्टा खांद्यावरून गळ्यात घालायचा असतो आणि त्यातली चकती छातीवरच्या फुगवट्यावर बरोबर बसावी लागते. जोडणी किती पक्की झाली आहे हे पडद्यावर पट्ट्यांच्या रूपात दिसते. मामंजी खुर्चीत थोडे खाली घसरले तरी पट्ट्या कमी होतात आणि चार्जिंग लांबते. औषधाचा परिणाम ओसरलेला असेल तेव्हा त्यांना एकट्याला चकती जागेवर आणता येत नाही, म्हणून आम्ही वेळ ठरवताना औषधाची वेळ पाहतो. एकदम पूर्ण भरण्यापेक्षा थोडे थोडे पण नियमित चार्ज करणे आम्हाला सोयीचे वाटले. खुद्द चार्जरही आधी भरून ठेवावा लागतो आणि घाईच्या दिवशी नेमके तेच राहून जाते.

घरात मदतीला रोज कोणी असेल आणि वडिलांना ही शिस्त मानवणार असेल, तर वारंवार होणाऱ्या शस्त्रक्रिया टळणे हा खरोखर मोठा लाभ आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल किंवा ते एकटे राहत असतील, तर मी साध्या बॅटरीकडे झुकेन. शस्त्रक्रियेपूर्वी चार्जर प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याचा आग्रह अवश्य धरा. चार्जिंग चुकून उत्तेजन अचानक थांबल्यास काय करायचे, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण वर्षानुवर्षे डीबीएसवर असलेल्या काही रुग्णांची प्रकृती अशा वेळी गंभीर होऊ शकते.

हृदयविभाग_परिचारक:
शक्तीच्या गरजेचे दुसरे टोक आमच्या विभागात दिसते. निकामी होत चाललेल्या हृदयाला मदत करणाऱ्या पंपाला सतत काही वॅट लागतात, म्हणून त्याची केबल पोटाच्या त्वचेतून बाहेर काढतात. त्या छिद्रातून होणारा संसर्ग हे या रुग्णांचे मोठे दुखणे आहे. ड्रेसिंग बदलताना कडेची लाली पाहिली की आमचाही जीव धास्तावतो. २००१ साली अमेरिकेत लुईव्हिल येथे बसवलेल्या अ‍ॅबिओकॉर या कृत्रिम हृदयाला त्वचेवरूनच वीज दिली जात होती, पण बाहेरची कॉइल काढली की आतली बॅटरी जेमतेम अर्धा तास पुरे. तुमच्या वडिलांचे चार्जिंग चुकले तर सहसा सावरायला अवधी मिळतो. इथे तो जवळजवळ नसतो. त्यामुळे हे तंत्र पंपांमध्ये अजून रुळलेले नाही. याउलट कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायच्या उपकरणाच्या, आतल्या भागात बहुधा बॅटरीच नसते. कानामागच्या बाहेरील भागातून वीज आणि ध्वनीची माहिती दोन्ही त्वचेपार जातात.

मृदुला:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना चार्जर दाखवण्याची विनंती मी उद्याच करते. आणखी एक शंका आहे: आई आणि बाबा एकाच खोलीत असतात, तर बाबांच्या चार्जरचा आईच्या पेसमेकरवर परिणाम होईल का?

वैद्यकीय_उपकरण_अभियंता:
एका खोलीत असण्याने चिंतेचे कारण नाही, कारण हे क्षेत्र अंतर वाढताच झपाट्याने क्षीण होते. मात्र सुरू असलेला चार्जर आईंनी उचलून छातीशी धरू नये आणि बाबांना पट्टा घालून देण्याचे काम शक्यतो दुसऱ्या कोणी करावे. चुंबक असलेले फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला अमेरिकेच्या औषध नियामकांनी दिला आहे, कारण चुंबक जवळ आल्यास पेसमेकर ठरावीक गतीच्या चाचणी-अवस्थेत जाऊ शकतो. बाबांच्या चार्जरसाठी नेमके किती अंतर हवे, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून आईंच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.