पंचवीस वर्षं जुनी लँड क्रूझर समुद्रापारहून आणायची: शहाणपण की नुसती हौस?

डोंगरवाट (डेन्व्हर)

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय झोडायचं ते झोडा. अमेरिकेत राहून ज्याला डोंगरात, दगडधोंड्यांत गाडी घालायची आहे, त्याने इथल्या शोरूममधली चकचकीत स्क्रीनवाली गाडी घेण्यापेक्षा बाहेरच्या देशांसाठी बनलेली जुनी, अडाणी, लोखंडी गाडी आणावी. मी आणली. जपानहून १९९५ची टोयोटा लँड क्रूझर, सत्तर सीरिजची, पाच दारांची एचझेडजे ७७. ही सीरिज १९८४ला आली. ऑस्ट्रेलियाच्या खाणींत, आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यात अजून पळते, पण अमेरिकेत टोयोटाने ती कधी विकलीच नाही.

ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८८च्या कायद्यानुसार, इथल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी आणता येत नाही. उत्पादनाला २५ वर्षं पूर्ण झाली की ही अट गळून पडते, आणि महिनाही मोजतात. धुराच्या केंद्रीय नियमातून त्याआधीच, २१ वर्षांनी सुटका होते. शेजारी कॅनडात १५ वर्षं पुरतात, म्हणून तिकडच्या लोकांचा आपण हेवा करायचा.

इंजिन ४.२ लिटर, सहा सिलिंडर, डिझेल, टर्बो नाही. इंजिन बिघडलं तर ते मला दिसतं, हाताला लागतं. नव्या गाडीत बिघाड झाला की ती मला फक्त पिवळा दिवा दाखवते आणि डीलरकडे धाडते. माझ्या मते स्वतःला दुरुस्त करता येते तीच गाडी आपली.

आधी_हिशेब (ह्यूस्टन)

लेख वाचून डोळे पाणावले. आता पावत्या दाखवा.

जहाजाचं भाडं, बंदरातली हाताळणी, जकात, कस्टम्स एजंट, ट्रेलरवरून घरापर्यंत, मग टायर, होजपाइप, बेअरिंगं. एवढ्यात २००३ ते २००९ मधली लेक्सस जीएक्स ४७० येते. ४.७ लिटरचं व्ही-८, कायम चारही चाकांना ताकद, मधला डिफरेन्शियल लॉक, एअरबॅग, आणि सुटे भाग गल्लीच्या टोकाला. तीही टोयोटाचीच, लँड क्रूझर प्राडोचीच बहीण. पण ती मॉलच्या पार्किंगमध्ये दिसते, म्हणून तिला कोणी फोटोत घेत नाही!

डोंगरवाट

जकातीचा बाऊ करू नका. माझी स्टेशन वॅगन प्रवासी गाडीत मोजली, तेव्हा अडीच टक्के लागले. हीच गाडी पिकअप असती तर २५ टक्के. हा प्रसिद्ध कोंबडी-कर. साठच्या दशकात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, त्याचा वचपा म्हणून १९६४पासून इथे परदेशी ट्रकवर २५ टक्के बसले. कोंबड्यांचं भांडण मिटलं, ट्रकवरचा कर तसाच आहे. त्यामुळे पिकअपच्या मोहात पडणाऱ्यांनी आधी कोंबडीचा हिशेब करावा.

आधी_हिशेब

कोंबडी ठीक आहे. पावत्या?

डोंगरवाट

बरं, सांगतो. लपवून काय उपयोग.

जपानी लिलावाच्या कागदावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि त्यावर अक्षरं लिहितात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे त्याहून खोल कुजणं. माझ्या कागदावर मागच्या चाकाजवळ एक एस होता. विकून देणारा म्हणाला, वरवरचा आहे. टकोमा बंदरात गाडी उतरली तेव्हा खालून नवाकोरा काळा रंग, तुकतुकीत. मला आनंदच झाला. घरी आणून जॅकवर चढवली, मागच्या स्प्रिंगच्या कडीजवळ चासीला पेचकस टेकवला आणि जरासा दाबला. पापड मोडावा तसा आत गेला. मूठभर तपकिरी भुगा छातीवर पडला, वर मिठाचा वास. गाडी बर्फाच्या भागातली होती, तिकडेही रस्त्यावर मीठ टाकतात. पट्टी कापून नवं लोखंड वेल्ड करायला साडेतीन हजार डॉलर आणि पाच आठवडे गेले.

गाडी मात्र आजही तितकीच आवडते. फक्त गाडी घेण्याआधी कोणाला तरी जपानात पाठवून खालचे फोटो मागवा, रंगाच्या आधीचे.

पाटणकडचा (न्यू जर्सी)

खरी गोम इथे आहे, आणि मूळ लेखातली गफलतही.

मी पाटणचा. कोयनानगरकडे जाणारं वडाप, ट्रॅक्स, समोरासमोरच्या बाकांवर माणसं, टपावर भाजीच्या पाट्या आणि एखादं बोकड. ती गाडी बंद पडली असं कधी ऐकलं नाही. का? कारण ड्रायव्हर अर्धा मेस्त्री होता, उरलेला अर्धा स्टँडवरच्या टपरीत बसलेला असायचा, आणि कराडला बेल्टपासून बुशपर्यंत सगळं मिळायचं. मजबुती नुसत्या लोखंडात नव्हती, त्या रस्त्यावर ती पसरलेली होती.

तुमची सत्तर सीरिज ऑस्ट्रेलियाच्या खेड्यात अमर आहे, कारण तिथल्या गॅरेजात तिचा वॉटर पंप फळीवर पडलेला असतो. कोलोरॅडोत तीच गाडी पोरकी. तिचा पंप दुबईहून किंवा ब्रिस्बेनहून येणार, तोवर तुम्ही खांबाला टेकून बसणार. मग गाडी मजबूत की युटातल्या मोआबचा रस्ता टोइंगवाल्याच्या फायद्याचा, सांगा.

आधी_हिशेब

+१. दंडवत घ्या, पाटणकर.

चिखलगाडी (सॉल्ट लेक सिटी)

अर्धवट सहमत. पंप महिन्यात एकदा जात नाही. माझ्याकडे लँड रोव्हरची डिफेंडर आहे, १९९४ची. दोन फिल्टर, एक बेल्ट, एक होज, चाव्यांचा संच, एवढं डब्यात असलं की पाटणचा मेस्त्री आपल्यासोबतच असतो. पोरकेपणाचं दुखणं गाडीपेक्षा मालकाचं असतं. ज्याला ग्रीस लागलेला हात आवडत नाही, त्याने जीएक्सच घ्यावी, वाईट वाटून घेऊ नये.

मला वेगळीच तक्रार आहे. २५ वर्षांच्या नियमाला सुरक्षेचा मुलामा देतात, पण ऐंशीच्या दशकात युरोपातून परस्पर मर्सिडीज आणणाऱ्यांमुळे अधिकृत डीलरांचा धंदा बुडत होता, त्यांनी जोर लावला म्हणून तो आला. नवी सुरक्षित गाडी परदेशी म्हणून बंद आणि एअरबॅग नसलेली जुनी खुली, ही कुठली सुरक्षा?

दोन_लेकरांची_आई (शिकागो)

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत म्हणून बरं. आमच्या घरी हाच वाद चालू आहे. नवऱ्याला सत्तर सीरिजमधलीच ट्रूपी हवी, ती मागे समोरासमोर बाकं असलेली. त्याला वडापची आठवण येते, मला तिथे बसलेली पोरं दिसतात. आडव्या बाकावर लहान मुलाची सीट नीट बसत नाही. एअरबॅग नाही. महामार्गावर तीन टनांचे ट्रक ताशी ७५ मैलांनी शेजारून जातात.

आणि उजवीकडचं स्टिअरिंग. दोन पदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर आधी शेजारच्याला विचारायचं, "येतंय का रे कोणी?" शेजारी सहा वर्षांचा मुलगा असेल तर काय करायचं?

डोंगरवाट

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी मुलांना मागे बसवून महामार्गावर जात नाही, त्यांच्यासाठी घरात दुसरी गाडी आहे. उजवीकडच्या स्टिअरिंगची सवय आठवड्यात होते, ओलांडण्याची मात्र होत नाही. मी ओलांडतच नाही.

तसंही ओलांडायला ताकद लागते. १३५ घोडे, तेही समुद्रसपाटीवर. आय-७०वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, तिथे हवा तीसेक टक्के विरळ. टर्बो नसलेलं डिझेल तिथे खंडाळ्याच्या घाटातल्या भरलेल्या एसटीसारखं चढतं. उजवी लेन, इंडिकेटर लुकलुकतायत, ताशी ३५ मैल, मागे धूर. एकदा मागच्या ट्रकवाल्याने हात हलवून चीअर केलं, खरंच. पण बोगदा संपून पुढे युरे गावाकडे वळलो, इमोजीन पासचे खडक लागले की जीएक्सवाले थांबून टायरची हवा बघत असतात आणि मी लो गिअर टाकून सावकाश निघून जातो. त्या अर्ध्या तासासाठी बाकीचं सगळं सोसतो.

आधी_हिशेब

अर्ध्या तासासाठी. हे वाक्य चौकटीत लावा, आपलं एकमत झालं. हौसेला मोल नाही म्हणतात ते बरोबर, पण मग तिला शहाणपण म्हणू नका.

शनिवारवाडा_ते_लडाख (पुणे)

मध्येच नाक खुपसतो. अशी गाडी इकडे आणता येईल का?

चिखलगाडी

२५ वर्षांची तर विसराच. भारतात वापरलेली गाडी आणायची तर उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि जकात गाडीच्या किमतीलाही मागे टाकते. गुरखा घ्या, किंवा हायलक्स, ती २०२२पासून तिकडे अधिकृत मिळते.

अवांतर: उलटा प्रवासही झालाय. विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत जोडून ज्या महिंद्राने सुरुवात केली, तिनेच मिशिगनमध्ये रॉक्सर जोडून विकायला काढली. शेतारानात चालवायची, रस्त्यावर नाही. जीपवाल्यांनी दिसायला आमच्यासारखीच म्हणून व्यापार आयोगात ओढली, २०२०मध्ये त्या रूपात बंदी आली. मग चेहरा बदलून पुन्हा आणली.

पाटणकडचा

डोंगरवाट, एकच विचारतो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? तुमच्या इंजिनाला लाख किलोमीटरला लागतो.

डोंगरवाट

डॅशबोर्डवर त्यासाठी वेगळा दिवाच आहे, दर लाखाला पेटतो. मीटर २,९९,४०० दाखवतोय. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप ऑस्ट्रेलियाहून मागवून फळीवर ठेवलेत, तुमच्या टपरीसारखे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बसवणार आहे. डेन्व्हरला येणार असाल तर चहा आणि वडे माझ्याकडे, पाना तुमच्या हातात.

पाटणकडचा

येतो. वडे आधी, पाना नंतर.

दोन_लेकरांची_आई

आणि मूळ लेखात वरती लिहा की मुलं मागे बसणार नाहीत. नवरा वाचतोय.

डोंगरवाट

लिहितो.