'पेटंट ट्रोल' हा शब्द आला कुठून?

हळदवाला_सांगली:
दादाचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, हळद पॉलिश करायचे ड्रम बनवतो. गेल्या आठवड्यात एका कंपनीची नोटीस आली की ड्रमचं डिझाईन आमच्या पेटंटमधलं आहे, पैसे भरा नायतर कोर्टात या. ही कंपनी स्वतः एक ड्रम बनवत नाही हो, नुसता कागद धरून बसलीय. वकीलसाहेब म्हणाले हे पेटंट ट्रोल दिसतंय. दादानं नोटीस इतक्यांदा वाचलीय की कागदावर त्याच्या बोटांचे पिवळे ठसे उमटलेत. ट्रोल म्हणजे फेसबुकवर त्रास देणारे ना, मग पेटंटशी काय संबंध?

कृष्णाकाठ:
फेसबुकशी संबंध नाही. इंटेल या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत पीटर डेटकिन नावाचे वकील होते, ते असल्या दावेदारांना 'पेटंट खंडणीखोर' म्हणायचे, तर त्या शब्दावरनंच इंटेलवर बदनामीचा खटला झाला. मग दुसरा शब्द शोधणं आलं आणि २००१ च्या सुमारास त्यांच्यामुळं 'ट्रोल' पसरला, तसा १९९० च्या दशकातही तो कुठंकुठं वापरलेला सापडतो. नॉर्वेच्या लोककथेत पुलाखाली ट्रोल नावाचा राक्षस असतो, वरनं बोकड निघाले की खाईन म्हणून अडवतो. पूल काय त्यानं बांधलेला नसतो.

माणगंगा:
आमचे आजोबा कज्जेदलाल म्हणायचे, पण तो दुसऱ्यांची भांडणं कोर्टात न्यायला लावणारा. हा ट्रोल म्हणजे शेताकडं जायची वाट अडवून बसणारा भाऊबंद वाटतो मला, ऐन ऊसतोडीला ट्रॅक्टर अडवला की माणूस नाइलाजानं पैसे मोजतोच, ट्रोलचंही सगळं गणित त्या नाइलाजावरच आहे. वाटेसाठी निदान १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, तहसीलदार रस्ता मोकळा करून देतात. पेटंटला तसं काय आहे का?

कृष्णाकाठ:
आहे ताई. पेटंट कायदा १९७०, कलम १०६. बिनबुडाची धमकी आली तर आपणच कोर्टात जाऊन ती धमकी चुकीची आहे असं जाहीर करून मागायचं, मनाई हुकूम मिळतो, नुकसानभरपाईपण मागता येते. हळदवाले, दादांना सांगा घाबरून पैसे भरू नका, आधी ते पेटंट अजून चालू आहे का आणि त्यात नेमका कशाकशावर हक्क सांगितलाय ते वकिलांकडनं तपासून घ्या. पेटंटच्या अर्जाआधीपासनं असेच ड्रम विकत असाल तर जुनी बिलं शोधा, पुरावा म्हणून लागतील.

हळदवाला_सांगली:
२००९ पासनंची बिलबुकं माळ्यावर आहेत. दादा आत्ता शिडी लावतोय.