नाशिक : सॉफ्टवेअर लायसन्सिंग नीट समजून घ्यायचंय, परीक्षाही द्यायचीय. सल्ला हवा

अंबड_आयटी
अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याचं आयटी सांभाळते. एकच सर्व्हर आहे, दोन प्रोसेसर, प्रत्येकी १० कोअर (प्रोसेसरमधली गणन-एककं). त्यावर विंडोज सर्व्हर. त्यातल्या हायपर-व्हीवर चार व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरच्या आत चालणारे वेगळे सर्व्हर) : टॅली, फाइल सर्व्हर, एसक्यूएल (डेटाबेस) आणि ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर). ऑफिसात ३५ जण. शॉपफ्लोअरवर २० टर्मिनल, तीन पाळ्यांत मिळून ६० कामगार. व्हेंडरच्या कोटेशनवर विसंबून न राहता किती लायसन्स लागतात ते स्वतः मोजता यायला हवं. शिवाय एखादी परीक्षाही द्यायची आहे. कॉलेज रोडच्या एका क्लासने मायक्रोसॉफ्टची ७०-७०५ ही लायसन्सिंगची परीक्षा सुचवली. घ्यावी का?

हिशेबवही
ताई, परीक्षेचं नंतर बघू. तुमचा सर्व्हर हाच उत्तम सराव आहे, आधी तोच मोजू.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ पासून कोअरवर आहे. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर मोजावेच लागतात, मग आत सहाच कोअर असले तरी. तुमचे २० भरतात. स्टँडर्ड एडिशनमध्ये सगळे कोअर एकदा मोजले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. चार हवी असतील तर तेच २० कोअर पुन्हा मोजायचे. म्हणजे ४० कोअर, दोन-दोनचे २० पॅक. कोटेशनमध्ये १० पॅक दिसले तर दोन मशीन विनालायसन्स उघडी पडली. डेटासेंटर एडिशनला २० कोअर पुरतात आणि मशीन कितीही चालतात, पण चार मशीनसाठी ते परवडत नाही.

एक खाचखळगा : मूळ होस्टवर फक्त हायपर-व्ही ठेवा. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप तिथे चालतो, पण फाइल शेअर किंवा दुसरं काही काम सुरू केलं की ते मशीनच्या हिशेबात धरलं जातं.

आता कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा हक्क. तो माणसावर घ्या किंवा उपकरणावर. सगळे माणसांवर घेतले तर ३५ अधिक ६०, म्हणजे ९५. पण ६० कामगार २० टर्मिनलच वापरतात. ऑफिसला ३५ यूझर कॅल आणि शॉपफ्लोअरला २० डिव्हाइस कॅल, एकूण ५५. पाळ्यांवर चालणाऱ्या सातपूर-अंबडच्या बहुतेक कारखान्यांत हाच मेळ बसतो. मात्र एखादा सुपरवायझर स्वतःच्या मोबाइलवरून ईआरपी उघडायला लागला की डिव्हाइस कॅल त्याला पुरत नाही, त्याच्या नावाचा यूझर कॅल लागतो. कॅलची आवृत्ती सर्व्हरइतकी किंवा त्याहून नवी हवी, २०१९ च्या कॅलवर २०२२ चा सर्व्हर चालत नाही.

गंगाघाट
वरच्यात एसक्यूएल जोडतो. ईआरपी एकाच लॉगिनने डेटाबेसशी बोलतो म्हणून एकच कॅल, असं अनेक ठिकाणी धरलेलं असतं. ते चूक आहे. मध्ये कितीही सॉफ्टवेअर असो, शेवटी बसलेली माणसं किंवा उपकरणं मोजायची.

एसक्यूएल कोअरवर घेता येतं, किंवा सर्व्हर लायसन्स अधिक कॅल असं. २०२२ स्टँडर्डची अमेरिकी यादी किंमत घेऊन ताळा करा : दोन कोअरचा पॅक ३,९४५ डॉलर, सर्व्हर लायसन्स ९८९, कॅल २३०. किमान चार कोअर घ्यावेच लागतात, म्हणजे ७,८९०. सर्व्हर आणि ३० कॅल मिळून ७,८८९. तीसच्या पुढे कोअर स्वस्त. तुमचे ५५ आहेत, त्यामुळे कोअरच बघा. पण २०२२ पासून फक्त व्हर्च्युअल मशीनचे कोअर मोजायचे तर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा मुदतीचा देखभाल करार) किंवा सबस्क्रिप्शन लागतं, तो खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागा. डेटाबेस १० जीबीच्या आत असेल तर २०२२ ची फुकट एक्सप्रेस आवृत्ती आधी तपासा.

टॅली रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे आपल्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरून, वापरता का?

अंबड_आयटी
हो, अकाउंट्सचे सहा जण. टॅलीचं गोल्ड, म्हणजे अनेकांनी वापरायचं लायसन्स आहे. त्याच सर्व्हरवर एक्सेलही हवंय.

गंगाघाट
मग त्या सहा जणांना विंडोजचा कॅल आणि त्यावर आरडीएस कॅल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा, असे दोन्ही लागतात. आरडीएस बसवल्यावर १२० दिवसांची सवलत असते, म्हणून सुरुवातीला सगळं सुरळीत दिसतं. मुदत संपली की जोडणीच नाकारली जाते आणि ते बहुधा नेमकं जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात उघडकीला येतं. सर्व्हर डोमेनमध्ये (कंपनीच्या केंद्रीय लॉगिन व्यवस्थेत) नसेल तर आरडीएसचा डिव्हाइस कॅल घ्या. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनशिवाय, यूझर कॅल टाकले तर २०१९ पासून सेशन ६० मिनिटांनी तुटतं.

एक्सेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड इथे चालत नाही, त्यात सामायिक संगणकावर ॲक्टिव्हेट करण्याची सोय नाही. बिझनेस प्रीमियम किंवा ॲप्स फॉर एंटरप्राइझ लागेल.

अंबड_आयटी
आणि ऑनलाइन हजार-पाचशेला मिळणाऱ्या विंडोज की? आमच्याकडे अशा काही आहेत असा संशय आहे.

हिशेबवही
कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर ही आज्ञा डीएलव्ही पर्यायासह चालवा. चॅनेल ओईएम (संगणकासोबत आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं) की व्हॉल्यूम (कंपनीच्या घाऊक करारातलं) ते दिसेल. तुमचा व्हॉल्यूम करारच नसताना व्हॉल्यूम दिसलं तर ती की दुसऱ्या कुणाच्या करारातली आहे. ॲक्टिव्हेट झालं म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, कंपनीच्या नावाचं बिल हवं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मालकाला हे कलम दाखवा, बजेट लवकर मंजूर होतं.

सिन्नर_फाटा
परीक्षेबद्दल. ७०-७०५ कधीच बंद झाली आहे, त्या क्लासला पैसे देऊ नका. एमएस-९०० या मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या प्राथमिक परीक्षेत किंमत, लायसन्स आणि सपोर्ट असा स्वतंत्र भाग होता, पण तीही मार्च २०२६ अखेर बंद होणार असं जाहीर झालं होतं. मायक्रोसॉफ्ट परीक्षा वरचेवर बदलतं, त्यामुळे फी भरण्याआधी अधिकृत पानावर कोणती परीक्षा सुरू आहे ते बघाच. एकाच कंपनीत अडकायचं नसेल तर आयएटॅम या आयटी मालमत्ता व्यवस्थापकांच्या संघटनेचं सीएसएएम हे प्रमाणपत्र आहे, त्यात करार, ऑडिट आणि नोंदी असं सगळं येतं. सोबत सॉफ्टवेअर मालमत्तेच्या आयएसओ १९७७० या मानक-मालिकेची ओळख करून घ्या : भाग १ व्यवस्थापनाचा, भाग २ बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या ओळख-टॅगचा, भाग ३ हक्कांच्या नोंदीचा.

मायक्रोसॉफ्टच्या अशा परीक्षेला १००० पैकी ७०० लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. लोक मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या प्लॅनच्या फरकात घसरतात. बिझनेस प्लॅनची मर्यादा ३०० यूझर. बेसिकमध्ये फक्त वेब आणि मोबाइल ॲप. स्टँडर्डमध्ये डेस्कटॉप ॲप. प्रीमियममध्ये वर इन्ट्यून (उपकरणांचं व्यवस्थापन), एन्ट्रा आयडी पी१ (लॉगिनची ओळख-व्यवस्था) आणि डिफेंडर (सुरक्षा). हे कोरं पान घेऊन रोज स्वतः लिहून काढा, चौथ्या-पाचव्या दिवशी बघायची गरज उरत नाही. डम्प, म्हणजे जुन्या परीक्षांतले फुटलेले प्रश्न, मात्र घेऊ नका, प्लॅन बदलतात आणि त्यातली उत्तरं जुनीच राहतात.

स्लॉट घेताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. नापास झालात तर २४ तासांनी पुन्हा देता येते, त्यानंतरच्या प्रत्येक वेळी १४ दिवस थांबावं लागतं.

अंबड_आयटी
कोटेशन आत्ता काढून पाहिलं. दोन कोअरचे १० पॅक आणि ९५ यूझर कॅल लिहिलेत. आरडीएसचा उल्लेखच नाही.

हिशेबवही
२० पॅक, ३५ यूझर, २० डिव्हाइस आणि ६ आरडीएस, असं लिहून नवं कोटेशन मागवा.