मूड ताळ्यावर आला, पण डोकं अजून मागेच. याला आळस म्हणायचं का?

निशिगंधा:
लेक १६ वर्षांची आहे. १४व्या वर्षी बायपोलरचं (मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली जाण्याचा आजार) निदान झालं. आधी मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, तीन तास झोपून ताजीतवानी, वह्याच्या वह्या भरून काहीबाही लिहायची, मग पाच महिने डिप्रेशन. आता आठ महिने मूड एकदम स्थिर, डॉक्टर खूश, नातेवाईक खूश, सगळ्यांचं एकच म्हणणं की झाली की बरी. पण घरात मी बघते ना. धडा वाचून पुस्तक मिटलं की पाटी कोरी. तीन कामं सांगितली तर एक होतं, उरलेली दोन सांगितली होती हेच तिला आठवत नाही. गणितात तर हातचा घेतलेला अर्ध्या वाटेत हरवतो, आणि हीच मुलगी सातवीत तोंडी हिशोबात मला हरवायची!
माझं मत स्पष्ट आहे, हा आजाराचाच भाग आहे आणि शाळेने तिला परीक्षेत जास्त वेळ आणि सूचना लेखी द्यायला हव्यात. शाळेचं म्हणणं "ती आता बरी आहे, सवलत कशाला". पटतंय का कुणाला हे?

खडूफळा:
मला पटतंय, राग मानू नका. बावीस वर्षं शिकवतोय. या वयात विसरत नाही असं एक पोर दाखवा. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा समोरचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो म्हणतात, मग सोळाव्या वर्षी तीन कामांतलं एक होणं हे आजाराचं लक्षण की वयाचं? माझ्या वर्गात एका मुलाला असंच निदान होतं, सवलत मिळाली, वर्षभरात त्याने प्रयत्न करणंच सोडलं. काहीही झालं की "मला बायपोलर आहे ना सर". कुबडी दिली की पाय वापरायचा राहतो.

सडेतोड:
दोघंही भलतीकडेच चाललात. गोळ्या बघा आधी! माझा भाचा गोळ्या सुरू केल्यापासून ढिम्म झालाय. हुशार पोराला दगड करून ठेवायचं आणि मग मेमरी का नाही म्हणून विचारायचं. मूड स्थिर आहे ना आठ महिने, मग बंद करून बघा की.

स्टेथो:
@सडेतोड, कृपया असले सल्ले देऊ नका. लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) अचानक बंद केलं तर आजार उलटायचा धोका मोठा असतो, आणि एक मॅनिया किंवा एक डिप्रेशन म्हणजे शाळेचे कित्येक महिने पाण्यात, जिवाचा धोका वेगळाच.
गोळ्यांचा काहीच परिणाम नसतो असं मी म्हणत नाही. टोपिरामेट नावाच्या गोळीवर शब्द आठवत नाहीत ही तक्रार कॉमन आहे, काही गोळ्यांनी दिवसभर झोप येते. लिथियमची रक्तातली पातळी जास्त झाली तर माणूस मंदावतो, हात थरथरतात. शिवाय लिथियमने थायरॉइड कमी होऊ शकतं आणि तेवढ्यानेसुद्धा डोकं जड होतं. निशिगंधाताई, लेक लिथियमवर असेल तर पातळी आणि थायरॉइड दोन्ही शेवटचं कधी तपासलं ते बघा.
पण सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही, कारण गोळ्या न घेणाऱ्या मुलांमध्येही हाच पॅटर्न सापडलाय, तोही मूड नॉर्मल असताना. ऐकलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं, डोक्यात दोन गोष्टी धरून तिसरी करणं, कामाचा वेग, हे मागे पडतं. बुद्ध्यांक बहुतेकांचा नॉर्मलच असतो, म्हणून तर बाहेरून बघणाऱ्याला आळस वाटतो. जोडीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल तर आणखी वाईट. गंमत म्हणजे जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ साली हा आजार आणि ज्याला आज स्किझोफ्रेनिया म्हणतात तो, असे दोन वेगळे केले तेव्हापासून बायपोलरमध्ये दोन झटक्यांच्या मधे माणूस पूर्ण पूर्ववत होतो हेच गृहीत धरलं जायचं. शाळा अजून तिथेच अडकलीये.

खडूफळा:
डॉक्टर, तुमचा मान ठेवून दोन गोष्टी. एक, हे सगळे सरासरीचे आकडे, समोर बसलेल्या एका मुलीबद्दल त्यातून काय कळतं? काही मुलं टेस्टमध्ये अगदी नॉर्मल येतात, हे खरं ना? दोन, निदानावरच माझा भरवसा नाही. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या डॉक्टर-भेटींत बायपोलर निदान लिहिलं जाण्याचं प्रमाण सुमारे ४० पट वाढलं. आजार ४० पट वाढला का? नाही, शिक्का मारायची सवय वाढली. शेवटी २०१३ मध्ये सततच्या चिडचिडीसाठी वेगळं निदान काढावं लागलं तिकडच्याच डॉक्टरांना.

स्टेथो:
दोन्ही मुद्दे मान्य. म्हणूनच सरसकट सवलत नको, आधी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट (स्मरण, लक्ष, कामाचा वेग मोजणारी चाचणी) करून नेमकं काय अडतंय ते बघा असं मी म्हणेन. पण ताईंनी वर्णन केलाय तो सरळसरळ मॅनिया आहे, नुसती चिडचिड नाही. आणि वयाचा दोष म्हणाल तर, सातवीत जमत होतं ते दहावीत जमेनासं होणं हे वयाने होत नाही, वयाने उलट सुधारतं. स्वीडनमधल्या सात लाखांवर मुलांच्या नोंदींचा २०१० सालचा एक अभ्यास आहे, सोळाव्या वर्षी अव्वल मार्क असलेल्यांना पुढे बायपोलर होण्याचा धोका मध्यम मार्कवाल्यांच्या जवळपास चौपट निघाला. अगदी तळाच्या मुलांनाही धोका थोडा जास्त होता, तो भाग वेगळा. मुद्दा एवढाच की यातली काही मुलं आजारापूर्वी खरंच हुशार असतात, म्हणून पडझड जास्त डोळ्यात भरते.

उनाडपाखरू:
एवढी चर्चा चाललीये म्हणून लिहितोय. मी २४, निदान १५ला. खडूफळा सर, मी तुमचा तो "प्रयत्न सोडलेला" मुलगा होतो असं समजा. सोडला नव्हता, रात्री दोन-दोन तास एकच पान वाचायचो आणि सकाळी काहीच नसायचं, मग "अभ्यास केला नाही" हे सांगणं सोपं वाटायचं, किमान मूर्ख तरी दिसत नाही. आणखी एक, जे कुणी विचारतच नाही. चेहरे. सर नुसते शांत उभे असले तरी मला ते रागावलेत असंच वाटायचं, त्यात अर्धा तास जायचा आणि शिकवलेलं सगळं गेलं. नंतर कळलं की साधा चेहरा रागीट किंवा भीतीदायक वाटणं हे आमच्यात बऱ्याच जणांना होतं.
पण निशिगंधाताई, तुमच्याशीही मी सहमत नाही. माझ्या आईने सगळ्या शिक्षकांना सांगितलं आणि मी "तो मुलगा" झालो. जास्त वेळ मिळाला तर मी जास्त वेळ कोऱ्या कागदाकडे बघायचो, बास. उपयोग कशाचा झाला? एका वेळी एकच प्रश्न समोर, कच्च्या कामाला मोठा कागद, आणि झोपेची वेळ सुट्टीतही न बदलणं. वेग परत आला बराचसा. तोंडी सांगितलेलं अजूनही राहत नाही, मी लिहून घेतो. सडेतोड, गोळ्या चालू आहेत हो माझ्या, दगड झालेलो नाही.

सडेतोड:
तुला सूट झाल्या, भाच्याला नाही झाल्या. मी अनुभव सांगितला, बस.

स्टेथो:
मग डॉक्टरांना सांगून गोळी किंवा डोस बदलून घ्या. मनाने बंद करू नका, एवढंच.

निशिगंधा:
थायरॉइड शेवटचं वर्षापूर्वी केलं होतं, उद्याच करतोय. उनाडपाखरू, तुझं वाचून रात्री लेकीला पहिल्यांदाच विचारलं की तुला काय हवंय. शाळेत किती भांडले मी, पण हे विचारलं नव्हतं. ती म्हणाली गणिताच्या सरांना आजाराचं काही सांगू नकोस, फक्त फळा लवकर पुसू नका म्हणावं. आता कारण न देता हे सांगायचं कसं?

खडूफळा:
जास्त वेळेबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण फळ्याला कारण लागत नाही हो. "मागे बसणाऱ्यांचं उतरून होत नाही" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.